‘हे आपल्याले लागू हाये का?’ : पांढुर्णा-सौंसरचा श्रोता आणि आकाशवाणीवरचं बोलणं

रेडिओच्या आठवणी निघाल्या की त्या बहुतेक गाण्यांच्या असतात. बिनाका गीतमाला, रात्रीची नाट्यगीतं, फार तर क्रिकेटचं समालोचन. बोलण्याची आठवण कुणी सहसा काढत नाही. शेतीवरची चर्चा, डॉक्टरांची मुलाखत, श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं, चालू विषयावरचे परिसंवाद हे सगळं गाण्यांच्या मधे लागायचं आणि त्या वेळात घरातलं एखादं काम उरकून घेतलं जायचं. पण आपल्यासारख्या गावांचा सार्वजनिक इतिहास लिहायचा तर गाण्यांपेक्षा हे बोलणं जास्त कामाचं आहे, असं मला वाटतं. रस्ता, पाणी, कापूस, संत्रा, कर्ज, लसीकरण यांवर गावाशी जाहीरपणे कोण बोललं, कुठल्या भाषेत बोललं आणि गावाला उलट विचारता आलं का, हे त्यातूनच कळतं.

सौंसर तहसिलीतल्या आमच्या घरी मोठेबाबांचा रेडिओ होता. शेतीच्या कार्यक्रमात एखादी योजना किंवा अनुदान सांगितलं की मोठेबाबा आवाज कमी करत आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी हटकून विचारायचं, ‘हे आपल्याले लागू हाये का?’ हा प्रश्न रेडिओला ऐकू जात नव्हता. उत्तर घरातल्याच कुणाला द्यावं लागे, आणि बरेचदा ते ‘थे तिकडचं हाये’ असं असे. या लेखात मी रेडिओवरच्या बोलण्याकडे त्याच प्रश्नाच्या बाजूनं पाहणार आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि आपला छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात. म्हणजे नागपूरचा रेडिओ हा आपल्याच राजधानीचा रेडिओ. इंदूरचं केंद्र १९५५ मध्ये आलं, भोपाळचं १९५६ मध्ये, आणि ती दोन्ही शहरं तेव्हा आपल्या राज्यात नव्हती. पांढुर्ण्याच्या माणसाला कचेरीचं मोठं काम नागपूरला, दवाखाना नागपूरला, कापसाचा आणि संत्र्याचा मोठा बाजार नागपूरला आणि रेडिओही नागपूरचाच. सगळं एका रेषेत होतं.

ती रेषा १ नोव्हेंबर १९५६ ला तुटली. नागपूर-विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. कागद, कचेरी, शाळेची पुस्तकं हळूहळू हिंदीत गेली. रेडिओच्या लहरीला मात्र ही सीमा कधी समजली नाही. मीडियम वेव्हची लहर जमिनीच्या कडेनं पसरते. ५८५ किलोहर्ट्झवरचं नागपूर शंभरेक किलोमीटरवरच्या पांढुर्ण्यात दिवसाही स्वच्छ लागायचं. त्यामुळे एक चमत्कारिक विभागणी झाली. आपली भाषा नागपूरच्या रेडिओत राहिली आणि आपली कचेरी भोपाळच्या. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोहोंच्या मधे पडलेल्या श्रोत्याशी त्याच्या प्रश्नांवर त्याच्या भाषेत सार्वजनिक रेडिओ जवळजवळ कधी बोललाच नाही. आणि हा दोष कुठल्या निवेदकाचा किंवा अधिकाऱ्याचा नाही, तो या बोलण्याच्या रचनेतच आहे.

उदाहरणं घेऊ. मराठीत शेतकऱ्याशी बोलणारा माणूस सातबारा म्हणतो, आठ-अ म्हणतो, तलाठी आणि पंचायत समिती म्हणतो. आपल्याकडे सातबारा नाही. खसरा आहे, बी-१ आहे, ऋण पुस्तिका आहे. तलाठी नाही, पटवारी आहे. पंचायत समितीच्या जागी जनपद आहे. गारपीट झाली की महाराष्ट्रात पंचनामे कसे होतील, कोण करेल हे मराठीत तपशिलानं सांगितलं जाई. आपल्याकडची भरपाई ‘आरबीसी छह-चार’ खाली मिळते, म्हणजे मध्यप्रदेशच्या राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या सहाव्या खंडातल्या चौथ्या भागाखाली. गारा नरखेडला आणि पांढुर्ण्याला एकाच दुपारी पडतात, आंबिया बहाराचं नुकसान सारखंच होतं, आणि रेडिओवरून ऐकलेल्या मराठी सल्ल्यातलं अर्धं पांढुर्ण्यात टाकून द्यावं लागतं. कुठलं अर्धं टाकायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

कापसाचं याहून गुंतागुंतीचं होतं. महाराष्ट्रानं १९७१ मध्ये कायदा करून १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. सरकारशिवाय कुणाला कापूस विकायचा नाही, असा नियम. सीमेच्या अलीकडे, आपल्याकडे, खुला बाजार आणि खाजगी जिनिंग. मग ज्या वर्षी सरकारी भाव चढा, त्या वर्षी अलीकडचा कापूस पलीकडे जाऊ पाहणार. ज्या वर्षी खुला बाजार तेजीत, त्या वर्षी पलीकडचा इकडे येणार. नाके, तपासणी, रात्रीच्या गाड्या हे सीमेवरच्या गावांना नवीन नव्हतं. नागपूरच्या केंद्रावर खरेदीचा भाव जाहीर झाला की तो पलीकडच्या शेतकऱ्यासाठी नियम होता आणि आपल्या शेतकऱ्यासाठी बाजाराची बातमी. ऐकणारे दोन आणि वाक्य एकच. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ कधी माइकसमोर आले असते, तर काय सुंदर कार्यक्रम झाला असता! आपल्या सीमाभागाचं अर्थकारण अर्ध्या तासात समजलं असतं.

अलीकडचं उदाहरण बायकांचं. मध्यप्रदेशात ‘लाडली बहना’ योजनेचे पहिले हजार रुपये १० जून २०२३ ला जमा झाले. वर्षभरानं, २०२४ मध्ये, महाराष्ट्रात दीड हजारांची ‘माझी लाडकी बहीण’ आली. नावं जवळजवळ एक, भाऊ मात्र दोन वेगळी राज्यं. आता आपल्याकडच्या सोयरिकी पाहा. पांढुर्ण्याची मुलगी नरखेडला, काटोलला, वरुडला दिलेली आहे; सावनेरची मुलगी सौंसरात आली आहे. जन्माचा दाखला एका राज्याचा, रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचं. महाराष्ट्र सरकारला पुढे अटींमध्ये सुधारणा करावी लागली, की परराज्यात जन्मलेली पण महाराष्ट्राच्या रहिवाशाशी लग्न झालेली बाई नवऱ्याच्या कागदांवर अर्ज करू शकेल. ही सुधारणा म्हणजे शंभर टक्के आपल्या मुलींचा विषय आहे. ज्या बाईचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात, तिला अर्ध्या तासात दोन्ही योजना समोरासमोर ठेवून समजावणारा कार्यक्रम कुणी करायचा? नागपूरचं काम महाराष्ट्र सांगणं, भोपाळचं काम मध्यप्रदेश सांगणं. जोडणीचं काम कुणाच्याच वेळापत्रकात नाही. ते बायका विहिरीवर, आता फोनवर, आपसात करतात.

इथवर विषयाचं झालं. आता बोलण्याच्या पद्धतीचं, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

सार्वजनिक रेडिओवरच्या बोलण्याचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे तज्ज्ञाची मुलाखत. अधिकारी, कृषिशास्त्रज्ञ किंवा डॉक्टर समोर. निवेदक प्रश्न विचारणार. ही मुलाखत ऐकताना नीट कान दिला तर लक्षात येतं की प्रश्न उत्तराच्या आधी लिहिलेले नसतात, उत्तरावरून मागे जाऊन लिहिलेले असतात. ‘संत्र्यावरील डिंक्या रोगाची लक्षणं कोणती?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न नव्हे, तो पुस्तकाचा मथळा आहे. शेतकरी विचारतो, ‘माह्या बगीच्यातले चार झाडं पिवळे पडले, काढू का ठेवू?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं. दुसऱ्याला उत्तर देताना तज्ज्ञाला थांबावं लागतं, उलट विचारावं लागतं, झाड किती वर्षांचं, पाणी कसं देता, आळं कसं केलं आहे. संवाद तिथे सुरू होतो. आणि मुलाखतीच्या शेवटी तो हमखास येणारा प्रश्न, ‘जाता जाता आमच्या श्रोत्यांना काय संदेश द्याल?’ या प्रश्नानं मराठी रेडिओवरच्या किती चांगल्या मुलाखती मारल्या असतील, देव जाणे. श्रोत्याला संदेश घ्यायचा नसतो, त्याला काही विचारायचं असतं.

पत्रोत्तराचा कार्यक्रम मला त्या मानानं फार प्रामाणिक वाटतो. त्यात निदान प्रश्न बाहेरून येतो. पोस्टकार्डावर नाव-गाव येतं आणि गावाचं नाव हवेतून उच्चारलं जातं. ‘मोहगाव’ किंवा ‘लोधीखेडा’ असं नाव रेडिओवर आलं की पूर्ण आळीत ती बातमी होई. हसण्यावारी नेऊ नये अशी ही गोष्ट आहे. ज्या गावांची नावं एका राज्याच्या बातम्यांत येत नाहीत आणि दुसऱ्या राज्याच्या बातम्यांत यायचं कारण नाही, त्या गावांचं अस्तित्व पोस्टकार्डानं नोंदवलं जात होतं.

तिसरा प्रकार, गप्पांचा. इथे मराठी आणि मध्यप्रदेशी दोन्ही परंपरांकडे अभिमानानं सांगण्यासारखं आहे. मुंबई केंद्रावरचं ‘पुन्हा प्रपंच’ जुन्या मंडळींना आठवेल. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंची मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. तीन माणसं घरात बसून महागाई, पाणी, रॉकेल, निवडणूक अशा चालू गोष्टींवर बोलत. त्यात सरकारी हेतू नव्हता असं नाही, पण तो बोलण्यात विरघळलेला असे. भावजी अर्धवट माहितीवर ठाम बोलत, वहिनी टोकत, पंत सावरून घेत. चूक बोलणारा माणूस कार्यक्रमात असणं हे फार महत्त्वाचं आहे. जिथे सगळेच बरोबर बोलतात तिथे ऐकणाऱ्याला शिरायला जागा नसते.

दुसरीकडे इंदूर केंद्रावरचे नंदाजी आणि भेराजी. ते माळवीत बोलत. प्रमाण हिंदीत नव्हे, माळवीत. खेड्यातल्या माणसाला त्याच्या बोलीत शेतीचं नवं ज्ञान सांगणारी ती जोडी माळव्यात घराघरांत पोचली होती. म्हणजे मध्यप्रदेशातल्या आकाशवाणीला बोलीचं मोल कळत नव्हतं, असं म्हणता येत नाही. चांगलंच कळत होतं. पण माळवी ही राज्याच्या आतली बोली म्हणून धरली गेली, आणि आपली नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी ही शेजारच्या राज्याची भाषा म्हणून. ती शेजारच्यांनी सांभाळावी, असा हिशेब कुणी कागदावर लिहिला नसेल, पण झाला तसाच. वास्तविक ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा आहे. सीमा त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी आखली गेली. भाषा इथे कुणाच्या आश्रयाला आलेली नाही.

या सगळ्या प्रकारांना मोजायचं कशानं? माझ्याकडे एक माप आहे आणि ते मराठी मुलखातलंच आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं ‘फार्म रेडिओ फोरम’चा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा गट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस कार्यक्रम. गट एकत्र बसून ऐकणार, मग रेडिओ बंद करून चर्चा करणार, आणि संयोजक त्यातले प्रश्न व अडचणी लिहून केंद्राकडे पाठवणार. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. कल्पना कॅनडातली, १९४१ पासून तिथे शेतकऱ्यांचे असे गट चालत होते. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं, आणि त्यावरचं पुस्तक जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांच्या नावानं युनेस्कोनं १९५९ मध्ये काढलं. हे माथुर म्हणजे आकाशवाणीचे महासंचालक आणि ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक. नाटककाराला संवादाची किंमत अधिक कळत असावी.

त्या पाहणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुलनेसाठी त्यांनी फोरम नसलेली गावंही घेतली होती, काही रेडिओ असलेली, काही रेडिओ नसलेली. फोरमच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानानं फारच थोडी. म्हणजे काम पेटीनं केलं नव्हतं. ऐकल्यावर माणसं आपसात बोलली, आणि त्यांचं बोलणं परत केंद्राकडे गेलं, यानं काम झालं होतं. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली आणि नंतरच्या वर्षांत हळूहळू विरून गेली. त्याची कारणं काढत बसत नाही. पत्रं वाचून उत्तर देणारी माणसं लागतात आणि तेवढी माणसं कुठलंही खातं फार काळ ठेवत नाही, एवढं पुरे.

तारखा शेजारी ठेवून पाहा. एप्रिल १९५६ मध्ये पुण्याकडचा मराठी शेतकरी रेडिओला उलट प्रश्न विचारायला शिकत होता. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, पांढुर्ण्याचा मराठी शेतकरी अशा जागी जाऊन पडला जिथे विचारलेला प्रश्न ज्या केंद्राला समजेल त्याच्याकडे उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला प्रश्न वेगळ्या भाषेत करून द्यावा लागेल.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आमच्या घरातसुद्धा. ‘अगं, सगळ्यांना हिंदी कळते की!’ कळते. मीही हिंदी शाळेत शिकले. पण कळणं वेगळं आणि विचारणं वेगळं. माझ्या मोठीआईला हिंदी सिनेमा पूर्ण कळत असे, पण पटवाऱ्यासमोर तिचा प्रश्न घशात अडकत असे, कारण चुकीची हिंदी बोलून हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ऐकण्यासाठी भाषा थोडी आली तरी भागते. जाहीरपणे तक्रार करायला, अडवायला, ‘थांबा, हे चुकीचं सांगून राह्यले तुम्ही’ म्हणायला आपलीच भाषा लागते. त्यामुळे हिंदीतल्या स्थानिक कार्यक्रमांत आपल्या भागातून कोण बोलतं ते पाहा: शिकलेले, कचेरीत वावरलेले, बहुतेक पुरुष.

स्थानिक केंद्रांनी हे बदलायला हवं होतं. १९८४ मध्ये नागरकोईलपासून आकाशवाणीनं स्थानिक केंद्रांची योजना सुरू केली. त्यामागचा विचार चांगला होता: राज्याच्या राजधानीतून नव्हे, जिल्ह्यातून जिल्ह्याशी बोलायचं. आपल्या बाजूला छिंदवाडा आणि बैतूल ही अशी केंद्रं आली. छिंदवाड्यामुळे आपल्या कलेक्टर कचेरीच्या, मंडीच्या, दवाखान्याच्या गोष्टी रेडिओवर आल्या, हा मोठा फायदा झाला आणि तो मान्य करायलाच हवा. पण बोलणं मुख्यतः हिंदीत, आणि दुसरं म्हणजे एफएमचा स्वभाव. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर ओलांडत नाही. छिंदवाडा सातपुड्याच्या पठारावर, सौंसर-पांढुर्णा घाटाखाली. निसर्गानंच खालच्या मुलखाला नागपूरच्या कानाशी बसवलं आहे. याउलट राज्य सरकारच्या आदिवासी विभागानं पुढे ‘वन्या’ नावानं सामुदायिक रेडिओ केंद्रं काढली, खालव्याला कोरकूत, चिचोलीला गोंडीत. फार चांगलं काम. मात्र त्यातही मराठी बसत नाही. ती आदिवासी भाषा नाही आणि राज्यभाषाही नाही. तिच्यासाठी कुठल्याच खान्यात जागा नाही.

मग गावानंच सामुदायिक रेडिओ काढावा, असं कुणी म्हणेल. २००६ पासून संस्थांना तो परवाना मिळू शकतो. पण त्यात एक मेख आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करता येत नाहीत; बातम्या हव्या तर आकाशवाणीच्याच. म्हणजे भजन लावा, आरोग्याचं सांगा, बियाण्याचं सांगा, पण नगरपालिकेनं नळाला पाणी चार दिवसांआड का सोडलं, हा विषय बातमीच्या अंगानं आला की काठावरचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं म्हटलं होतं. मालकाला आपल्या मालमत्तेवरून आपल्या गावची बातमी सांगता येत नाही, ही त्यानंतरची स्थिती. म्हणून आपल्यासाठी सगळा भार अखेर आकाशवाणीवरच येतो. तिचा कायदा, १९९० चा प्रसार भारती कायदा, कलम १२ मध्ये देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतल्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेशी जागा देणं हे कर्तव्य म्हणून सांगतो. कायद्यात ‘प्रदेश’ म्हटलं आहे, राज्य नव्हे. पणजी केंद्रावर कोकणीसोबत मराठीही चालते, तेव्हा एका केंद्रानं दोन भाषांत बोलणं काही जगावेगळं नाही.

या चर्चेत गोटमारीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण पांढुर्ण्याचं नाव बाहेर निघतं ते वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावरचा झेंडा. जखमींचे आकडे त्या दिवशी हिंदीत जातात, मराठीत जातात, इंग्रजीत जातात. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही छापून आलं. मी जे ऐकलं त्यात त्या दिवसांत रेडिओवर असे ते ‘आवाहन’. शांतता राखा, सहकार्य करा. आवाहन हा संवादाचा उलटा प्रकार आहे. त्यात ऐकणाऱ्याला फक्त होकार देता येतो. दोन्ही काठांची माणसं, ज्याचा डोळा गेला तो, झेंडा आणणारा, चंडीमातेच्या देवळातलं कुणी, टाके घालणारा डॉक्टर आणि बंदोबस्ताचा अधिकारी एका टेबलाभोवती मराठीत तासभर बोलले आहेत आणि श्रोते मधे विचारत आहेत, असा कार्यक्रम माझ्या कानावर आला नाही. असं बोलणं दगडांच्या दिवशी शक्य नाही, हे उघड आहे. पण पोळ्याच्या आधी अख्खा श्रावण असतो. कुणी म्हणेल की त्यानं दगड थांबणार नाहीत. नसतील थांबत. निदान आपण का मारतो आणि का थांबत नाही, हे आपल्या तोंडून नोंदलं जाईल. सध्या ते बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन येतो आणि ‘विचित्र प्रथा’ म्हणून सांगून जातो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मराठी तालुके मिळून. आता पहिल्यांदाच अशी स्थिती आली आहे की एका जिल्ह्याची कचेरी आणि त्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांची भाषा एकमेकींच्या शेजारी आहेत. नव्या जिल्ह्यात काय कुठे मिळणार, कुठलं कार्यालय छिंदवाड्याला राहिलं आणि कुठलं इकडे आलं, हे प्रश्न घराघरांत आहेत. इकडे मीडियम वेव्हची प्रक्षेपकं देशभर एकेक करून बंद होत आहेत, आणि नागपूर ऐकायचं तर फोनमधल्या न्यूजऑनएअर अॅपवर ऐका, असं सांगितलं जातं. अॅपवर भोपाळही लागतं, पणजीही लागतं. लहरीची अडचण संपली. म्हणजे घाटाचं आणि सीमेचं कारण आता पुढे करता येणार नाही. आठवड्यातून अर्धा तास, छिंदवाड्यानं करावा किंवा नागपूरनं, पटवारी आणि खसरा हे शब्द वापरून मराठीत बोलणारा, आणि ज्यात प्रश्न आधी येईल, तज्ज्ञ मागून. मी मागतेय ते एवढंच, आणि ते पुण्यात सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे.

मंडळाच्या कामाच्या बाजूनं एक गोष्ट राहिली. या बोलण्याचं ध्वनिमुद्रण आपल्या हाती लागेल अशी आशा मी धरत नाही, पण ऐकणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा घरांत आहे. रेडिओचं लायसन पोस्टात भरावं लागे, त्याच्या पुस्तिका १९८० च्या दशकापर्यंतच्या आहेत. त्यांवरून कुठल्या गावात, कुठल्या आळीत किती रेडिओ होते ते काढता येईल. केंद्राकडून आलेली पोचपत्रं, पत्रोत्तराच्या कार्यक्रमासाठी लिहून मग न पाठवलेली पोस्टकार्डं, शेतीच्या वहीत ऐकता ऐकता उतरवलेली औषधांची मात्रा आणि भाव. आमच्या मोठेबाबांच्या एका वहीत कपाशीच्या फवारणीचं प्रमाण मराठीत आहे आणि समासात पेन्सिलीनं हिंदीत लिहिलं आहे, ‘पटवारी से पूछना’. अशी वही कुणाकडे असेल तर रद्दीत देऊ नका, समासासकट तिचे फोटो काढून मंडळाकडे द्या.